बारशाआधीची माणसं

एका प्रांतात पूर्वी एक तेलाचा व्यापारी राहत असे. घाण्यांवर घाणे उभारून त्याने अमाप मिळवले, आणि ज्या एकुलत्या एका मुलीसाठी मिळवले ती पहिल्याच बाळंतपणात गेली. वर्षभर तो कुणाशी धड बोलला नाही. मग त्याने दूरच्या शहरातून एका वैद्याला आणि त्याच्या बायकोला बोलावून घेतले. वैद्य बेताचाच होता. पण त्याची बायको सुईणपणात अशी वाकबगार, की लोक त्यालाच 'वैद्यीणबाईंचे यजमान' म्हणून ओळखत. व्यापाऱ्याने दवंडी पिटवली : भोवतालच्या बारा गावांपैकी ज्या गावात माणूस सर्वांत कमी जगतो, त्या गावी या दोघांना कायमचे घर बांधून देण्यात येईल.

आता कुठल्या गावात माणूस किती जगतो, हे ठरवायचे कुणी? दानशूर माणसांचे एक बरे असते. दान ते स्वतः करतात आणि डोकेफोड दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. व्यापारी उठला आणि नदीकाठच्या एका वृद्ध गणित्याकडे गेला.

तो वृद्ध ऐंशीच्या घरातला. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. त्याच्याजवळ एकच शिष्य उरला होता. पंचविशीचा, बेरजेत कधीही न चुकणारा, आणि आपण चुकत नाही हे पक्के ठाऊक असलेला. वृद्धाने त्याला समोर बसवले.

"कुठल्या गावात किती माणसं मेली, हे विचारू नकोस," तो म्हणाला. "मोठ्या गावात जास्त मरतात, लहान गावात कमी, त्यात कसलं आलंय शहाणपण? मेलेल्यांच्या वयाची सरासरीही काढू नकोस. ज्या वस्तीत सगळे तरुणच राहायला आलेत, तिथं म्हातारा मरणार तरी कुठून? तू असं कर. मनाशी शंभर बाळं धर, एकाच दिवशी जन्मलेली. त्या गावात वर्षाच्या आतली मुलं किती आणि त्यांतली दरसाल किती जातात ते बघ, आणि त्याच प्रमाणात या शंभरांतली काढून घे. उरलेल्यांना दुसऱ्या वर्षात ने, तिथलं प्रमाण लाव. असं करत शेवटचं माणूस पडेपर्यंत त्यांच्याबरोबर चाल. मग त्या शंभर जणांनी मिळून जेवढी वर्षं काढली त्यांची बेरीज कर आणि शंभरांनी भाग. येईल ते त्या गावाचं आयुर्मान. याला जीवनसारणी म्हणतात."

"पण गुरुजी, अशी शंभर बाळं तर कुठेच जन्मलेली नसतात."

"नसतातच. पण जी जन्मली, त्या सगळ्यांचं दैव त्या शंभरांवरून कळतं. जा आता. माझ्या गुडघ्यांनी परवानगी दिली असती तर तुला पाठवलं नसतं."

शिष्य निघाला. या कामाची त्याला एक वेगळीच धास्ती होती. बारा गावांतल्या डोणवाडीत त्याची थोरली बहीण नांदत होती आणि ती गरोदर होती. अक्काच्या गावाला वैद्यीणबाई मिळावी असे त्याला मनापासून वाटत होते. आणि वाटत होते म्हणूनच त्याने स्वतःला बजावले, की डोणवाडीच्या आकड्याला आपण तसूभरही कल द्यायचा नाही. प्रामाणिक माणूस आपल्या माणसांच्या बाबतीत जरा जास्तच प्रामाणिक होतो. हा गुण म्हणावा की रोग, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

गावोगाव जाऊन तो दोन गोष्टी गोळा करी. एक, कुलकर्ण्याच्या वहीतले गेल्या दहा वर्षांतले जन्म आणि मृत्यू; दुसरी, घरटी फिरून जिवंत माणसांची यादी, नाव आणि वय. शिरसोंडी नावाच्या गावी कुलकर्णी फार म्हातारा होता. त्याच्या वहीत जागोजागी विचित्र नोंदी होत्या. 'नाव नाही. मुलगी. दिवस तीन.' 'नाव नाही. मुलगा. दिवस एक.' पानेच्या पाने अशा नोंदींनी भरून गेली होती.

"काका, ज्यांना नावच नाही त्यांची नोंद कशाला करता?" शिष्याने विचारले.

"जन्मली होती ना? मग झालं तर," म्हातारा म्हणाला, आणि त्याने पुढचे पान उलटले.

शिष्याने सगळे उतरवून घेतले. पण ती वही त्याला अव्यवस्थित वाटली, आणि वाचून वाचून मन खिन्न झाले ते निराळेच.

डोणवाडी सर्वांत शेवटी आली. तिथला कुलकर्णी तरुण, हसतमुख, अक्षर मोत्यासारखे. "आमच्याकडे बारशाच्या दिवशी बाप येऊन नाव सांगतो, त्याच दिवशी जन्म वहीत चढतो," तो अभिमानाने म्हणाला. "खाडाखोड नाही, मोकळी जागा नाही." वही खरोखरच देखणी होती. शिष्याला हायसे वाटले. इतक्या गावांनंतर प्रथमच त्याला आपल्या तोलामोलाचा माणूस भेटला होता.

दुपारी तो अक्काकडे जेवायला बसला. अक्काला आठवा महिना सरत आला होता. चुलीपुढे बसून ती भाकऱ्या थापत होती, आणि तिची सहा वर्षांची मुलगी धोंडी मामाच्या पिशवीतले कागद बाहेर काढून पुन्हा आत भरत होती.

"आमच्या गावाला यील का रं ती बाई?" अक्काने विचारले.

"आकडा येईल तसं होईल, अक्का."

"आन् आकडा कसा काढत्यात?"

त्याने तिला शंभर बाळांचे सांगितले. ती भाकरी थांबवून ऐकत राहिली. बायकांना गणित कळत नाही असे म्हणणाऱ्यांनी अशा वेळी त्यांच्या तोंडाकडे पाहावे.

"त्या शंभरातली पैल्या वर्साला किती जात्यात, तुझ्या कागदात?"

"डोणवाडीत? फार थोडी. शंभरात सात-आठ. तुमचं गाव नशीबवान आहे, अक्का."

अक्काने त्याच्याकडे एकदा पाहिले. मग भाकरी उलटली. "असंल बाबा. तुमी शिकल्याली मानसं," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात ठेचा वाढला. तो पोटभर जेवला.

हिशोब करायला त्याला व्यापाऱ्याने आपल्याच घरी एक खोली दिली. तीन आठवडे तो बारा गावांच्या शंभर-शंभर बाळांना पायरीपायरीने खाली उतरवत होता. शेवटी आकडे आले. सगळ्यांत तळाला शिरसोंडी, एकतीस वर्षे. सगळ्यांत वर डोणवाडी, एकोणपन्नास. त्याने बेरजा तीनदा ताडून पाहिल्या. अक्काच्या गावाला काही मिळणार नाही हे पाहून त्याला वाईट वाटले. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी थोडा अभिमान होता, कारण आपण नात्याकडे पाहिले नाही याचा पुरावाच त्याच्या हातात होता. व्यापारी दारात उभा होताच. गुरुजींना दाखवल्यावाचून सांगू नये, एवढे शिष्याला कळत होते. तरी व्यापाऱ्याने दोनदा विचारल्यावर त्याने सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्य आणि वैद्यीणबाई बैलगाडीतून शिरसोंडीला गेले. शिष्य कागद काखेत मारून गुरूंकडे परतला.

वृद्धाने बेरजांकडे पाहिलेसुद्धा नाही. "डोणवाडी एकोणपन्नास?" तो म्हणाला. "शेजारच्या गावांत तिशी-पस्तिशी आणि मध्येच डोणवाडीला अमृत? तिथल्या जिवंत माणसांची यादी आण. मोठ्याने वाच."

शिष्य वाचू लागला. सखाराम, वय चाळीस. त्याची बायको यमुना, तीस. मुलगा दगडू, नऊ.

'दगडू' म्हणताच वृद्ध भिंतीला हात टेकून उठला. ताठ उभा राहून त्याने समोरच्या रिकाम्या अंगणाला दोन्ही हात जोडले आणि पुन्हा खाली बसला. शिष्य चपापला. "वाच," वृद्ध म्हणाला.

बाळकृष्ण, पंचावन्न. म्हाळसा, पन्नास. केरू, एकोणीस. वृद्ध पुन्हा उठला, हात जोडले, बसला. चिंधी, अकरा. पुन्हा तेच. भिका, बत्तीस. कोंडाबाई, सव्वीस. उकिर्डा, चार. ज्या माणसाला पाण्याचा तांब्या उचलायला उठणे जिवावर येई, तो पुन्हा पुन्हा उठत होता. त्याचे गुडघे थरथरत होते, कपाळावर घाम आला होता. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, असे शिष्याच्या मनात आले. आणि भीतीही वाटली, की हा उठता-बसता इथेच कोसळायचा.

"गुरुजी, पुरे. कुणाला नमस्कार करताय तुम्ही?"

"वाच."

पुढचे नाव होते धोंडी, वय सहा. वृद्ध उठला.

"ही तर माझी भाची," शिष्य म्हणाला. "एवढीशी पोर आहे. तिला कसला नमस्कार?"

वृद्ध या वेळी खाली बसला नाही. भिंतीला धरून तसाच उभा राहिला. "तिचं नाव धोंडी का ठेवलं?"

"म्हणजे... तिच्या आधीची दोन जगली नव्हती. म्हणून दगडधोंडा म्हणायचं, म्हणजे..."

"म्हणजे मरणाचं लक्ष जाणार नाही. बरोबर. आणि तिच्या पाठचं?"

"पाठचाही एक गेला. आठव्या दिवशी."

"तीन झाले. त्यांची नावं काय?"

"नावं ठेवलीच नव्हती. बारसं व्हायच्या आधीच..."

"तुझ्या सारणीत ते तिघे कुठे आहेत?"

शिष्याने कागद उलटले. उलटायची गरज नव्हती, तरी उलटले. डोणवाडीच्या दहा वर्षांच्या नोंदी त्याने स्वतःच्या हाताने उतरवल्या होत्या; त्यात अक्काची तिन्ही मुले नव्हती. ना जन्मात, ना मृत्यूत. त्यांच्या जाण्याचे निरोप त्याला आले होते. पहिल्या वेळी तो अक्काला भेटायलाही गेला होता. आणि तिच्याच चुलीपुढे बसून, तिच्याच हातची भाकरी खात, त्याने तिला सांगितले होते की तुमचं गाव नशीबवान आहे. ते आठवताच त्याला इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.

वृद्ध हळूहळू खाली बसला. त्याला दम लागला होता.

"अरे, मरण मोजायचं तर आधी कुणीतरी त्याला मरण म्हणावं लागतं," तो म्हणाला. "बारशाआधी गेलेलं पोर आपण जाळत नाही, पुरतो. त्याचं सुतक जेमतेम, त्याचं श्राद्ध नाही. 'आलंच नव्हतं' म्हणतो आणि कामाला लागतो. डोणवाडीच्या वहीतही ते आलेलं नसतं. बाकीच्या गावांत बरीचशी लिहितात, शिरसोंडीचा म्हातारा तर प्रत्येकाला लिहून ठेवतो. तू दोन गावांची आयुष्यं नाही मोजलीस. दोन गावांची लिहिण्याची रीत मोजलीस. जिथं रडणं कागदावर उतरलं ते गाव तळाला गेलं, जिथं ते मातीत जिरलं ते वर आलं. जी बाळं कुणी लिहिली नाहीत, ती जिवंत भावंडांच्या नावांत तेवढी उरली आहेत. आईबापांनी मरणाला फसवायला पोरांना दगड म्हटलं, केर म्हटलं, उकिरडा म्हटलं. मरण फसलं की नाही देव जाणे, तू मात्र फसलास."

शिष्याने यादी खाली ठेवली.

"आणि मीही," वृद्ध म्हणाला. "शंभर बाळं जन्मली असं धर, म्हणून तुला धाडून दिलं. ती वहीत कुठल्या दिवशी जन्मतात, हे सांगायचं राहिलं. जन्मभर हे गणित केलं मी, आणि तेवढंच राहिलं."

दोघांनी मिळून हिशोब पुन्हा मांडला. असली नावे त्रेसष्ट निघाली, चारशेच्या वस्तीत. प्रत्येक नावामागे निदान एक बाळ, बहुतेकांमागे दोन, पाठची निराळीच. ढोबळ धरले तरी दर शंभरांतली चाळीस बारशाआधीच जात होती. डोणवाडीचे आयुर्मान एकोणपन्नासावरून एकोणतीसवर आले, शिरसोंडीच्याही खाली.

दुसऱ्या दिवशी शिष्याने वृद्धाला गाडीत घालून व्यापाऱ्याकडे नेले. व्यापाऱ्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. त्याच्या मुलीची गोष्ट आठवली म्हणजे वाटते, त्याला इतरांपेक्षा जास्तच कळले असावे.

"शिरसोंडीचा आकडा खोटा आहे का?" त्याने विचारले.

"नाही," वृद्ध म्हणाला. "तो खरा आहे."

"मग मी काय करू, सांगा. परवा शिरसोंडीच्या बायकांनी वैद्यीणबाईची ओटी भरली. त्यांच्या दारात जाऊन काय सांगू? तुमची मेलेली पोरं तुम्ही लिहून ठेवलीत, म्हणून तुम्ही पहिले आलात. आता दुसऱ्यांची सापडली, ती थोडी जास्त निघाली, तेव्हा बाई परत द्या? दोन वर्षांचा फरक आहे हो, गुरुजी. दोन वर्षांसाठी कुणाच्या तोंडचा घास काढू?"

वृद्धाने नकारार्थी मान हलवली. पुढल्या साली दुसरी सुईण शोधू, असे व्यापारी म्हणाला, आणि तो मनापासून म्हणाला. पण अक्काचे दिवस पुढल्या सालापर्यंत थांबणारे नव्हते. शिष्य तिथूनच शिरसोंडीच्या वाटेला लागला.

वैद्यीणबाई घर लावत होती. त्याचे सगळे ऐकून तिने हातातले मडके खाली ठेवले.

"या पंधरवड्यात इथं तिघी मोकळ्या व्हायच्यात," ती म्हणाली. "एकीचे तर पाय सुजलेत. कुणाच्या उंबऱ्यावर जाऊन सांगू, की मी येत नाही?" मग त्याचा चेहरा पाहून तिने विचारले, "डोणवाडीत नाळ कशानं कापतात?"

"विळ्यानं, बहुतेक. आणि वर गोठ्यातली राख लावतात."

"आणि सहा-सात दिवसांत पोर दूध ओढायचं थांबतं. जबडा आवळतो, अंग ताठ होतं. लोक म्हणतात, सटवाईनं नेलं." ती उठली. स्वयंपाकघरातून तिने एक लहान पाते आणि स्वच्छ दोरा आणून एका फडक्यात बांधला. "हे उकळत्या पाण्यात घटकाभर ठेवायचं. मगच कापायचं. बेंबीला काही लावायचं नाही. राख नाही, शेण नाही, हळदसुद्धा नाही. एवढं केलंत तर माझ्यावाचून अडणार नाही. पळ आता."

त्या बाईने आपल्या विद्येचा गाभा चार वाक्यांत फडक्याला बांधून दिला होता. शिष्य खरोखरच पळाला. वाटेत त्याने काही खाल्ले नाही, ओढ्याला पाणी होते तिथे तेवढा थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला असे वाटत होते, की आकड्यांच्या पलीकडचे काहीतरी आपल्या हातात आहे.

डोणवाडीच्या वेशीवर त्याला धोंडी भेटली. "मामा, मला भाऊ झाला," ती म्हणाली. "चार दिस झालं."

घरात म्हातारी सुईण बाळाला शेक देत होती. बाळ गोरेगोमटे, सुदृढ, मुठी आवळून झोपलेले. बेंबीवर राखेचा जाड थर होता. विळा दाराच्या पाठीमागे आपल्या जागी टांगलेला होता. सकाळीच त्याच विळ्याने गवत कापलेले होते. शिष्याने फडके सोडले, पाहिले, आणि पुन्हा बांधून ठेवले. अक्काने विचारले, "काय आणलंस?" तो म्हणाला, "काही नाही."

त्याने कोमट पाण्याने ती राख पुसून काढली. सुईण रागावली. पाचव्या दिवशी घरात पाचवीची पूजा झाली. पाटा मांडला, त्यावर सुपारी मांडली, आणि सटवाईने येऊन बाळाच्या नशिबाचे लिहावे म्हणून कोरा कागद आणि बोरू ठेवला. सगळे रीतसर झाले. त्याच संध्याकाळी बाळाने पदराआड तोंड लावले आणि त्याला ओढता येईना. अक्काने एकदा या अंगाला घेतले, एकदा त्या अंगाला. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिले आणि ती त्याला मांडीवर घेऊन बसली. तिला हे चौथ्यांदा दिसत होते. सकाळी बाळ गेले.

दाजींनी ते धडप्यात गुंडाळून काखेत घेतले आणि शेताच्या बांधाकडे नेले. बरोबर दोनच माणसे होती. परत येऊन त्यांनी पाय धुतले, आणि एक जण बैलांना पाणी पाजायला गेला. शिष्य उठून कुलकर्ण्याकडे गेला.

"एक नोंद करायची आहे. जन्म आणि मृत्यू."

"फार वाईट झालं हो, कळलं मला," कुलकर्णी म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटत होते. त्याने वही उघडली, बोरू बुडवला. "नाव?"

"ठेवलं नव्हतं."

"मग कसं चढवणार?" कुलकर्णी अगदी हळुवारपणे म्हणाला. "बारसंच झालं नाही. इथं नावाची जागा आहे, ती मोकळी सोडता येत नाही." शिष्याने त्याला समजावून सांगितले, शिरसोंडीचे सांगितले, शंभर बाळांचे सांगितले. कुलकर्ण्याने सगळे ऐकले आणि तो पुन्हा तेच म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याची वही स्वच्छ होती एवढेच. थोड्या दिवसांपूर्वी हाच शिष्य त्याच वहीवर भाळला होता, तेव्हा त्याच्यावर रागवायचीही सोय नव्हती.

तो घरी आला. अक्का भिंतीला टेकून बसली होती. पूजेचा पाटा अजून कुणी उचलला नव्हता.

"लिवलं का रं त्येनं?"

"नाही."

"मला वाटलंच." मग ती म्हणाली, "तू ती शंभर लेकरं सांगितली व्हतीस. त्यातली जी लगीच जात्यात, त्येंचं काय करतूस तू?"

"त्यांचेही दिवस बेरजेत धरतो, अक्का. ज्यानं जेवढे काढले तेवढे. एकाचाही सोडत नाही."

"किती का थोडं असंनात?"

"किती का थोडे असेनात."

अक्का पुढे झुकली आणि तिने पाट्यावरचा तो कागद उचलून त्याच्यापुढे धरला. त्यावर कुणीही काही लिहिले नव्हते. "मग ह्याच्यावर लिव," ती म्हणाली.

शिष्याने बोरू घेतला. इतके महिने त्याने इतके आकडे लिहिले होते. आता त्याने लिहिले : 'डोणवाडी. नाव नाही. मुलगा. दिवस पाच.' अक्काला वाचता येत नव्हते. ती अक्षरांकडे पाहत राहिली.

"काय लिवलंस?"

त्याने वाचून दाखवले.

"पाच न्हाई," अक्का म्हणाली. "सहा लिव. उजाडलं व्हतं. धोंडीचा बा गोठ्याचं दार उघडत व्हता, तवा गेला त्यो. सहावा दिस बगितला त्येनं. सहा लिव."

एका बाळाच्या एका दिवसाने कुठल्याही गावाचे आयुर्मान हलत नाही, हे त्या घरात फक्त त्यालाच ठाऊक होते. त्याने पाच खोडला आणि सहा लिहिला.